अर्धा सूर खाली

"सूर पुन्हा उतरला," ग्रॅहम म्हणाला आणि कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

अबुधाबीतल्या एका हॉटेलचं लॉन. ऑक्टोबर, दुपारचे चार, शोआधीचा साउंडचेक चालू. मंदीचं दुसरं वर्ष होतं. शहराबाहेरच्या मुसफ्फा या औद्योगिक भागात आमच्या साउंड कंपनीचं वेअरहाऊस होतं; तिथे अकरा साउंड इंजिनिअर होते, त्यातले आम्ही तिघेच उरलो होतो. त्या दिवशी मी एकटाच.

ग्रॅहम आणि त्याचा गायक मित्र म्हणजे ऐंशीच्या दशकात गाजलेला एक ब्रिटिश सिंथ-पॉप बँड. गिटारऐवजी सिंथेसायझरवर उभी असलेली गाणी. एके काळी यांनी स्टेडियम भरली होती. मग फाटलं. ग्रॅहमने पंधरा वर्षं शाळेत संगीत शिकवलं. आता पुन्हा एकत्र येऊन ते हॉटेलांच्या लॉनवर वाजवत फिरत होते.

त्याचा सिंथ जुना, ॲनालॉग. त्यात सूर सर्किटमधून तयार होतो. सर्किट तापलं की सूर सरकतो, हवा बदलली की पुन्हा सरकतो. मी त्यावर छत्री लावली, मागचं झाकण उघडलं, मशीन चालूच ठेवलं. एसी खोलीत नेता येत नव्हतं. गार मशीन दमट हवेत आणलं की आत पाणी धरतं.

आमचे मॅनेजर नायर आले. सगळं ऐकून म्हणाले, "प्लेबॅक है ना?"

प्लेबॅक म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं वादन. बँडच्या लॅपटॉपवर ते होतं.

"आहे, सर."

"तो बस, उसका कीबोर्ड म्यूट करो. उसको बोलना मत. खलास."

मी मान हलवली. चौदा वर्षं मी अशीच मान हलवत आलो होतो. व्हिसा कंपनीचा होता, नोकरी गेली की देशही सोडावा लागणार; मुलगी दहावीत होती. पण कुणी मन लावून वाजवतंय आणि त्याचाच आवाज आपण बंद करायचा, हे मला जमेना. मी ग्रॅहमकडे गेलो आणि नायरांनी काय करायला सांगितलंय ते सरळ सांगून टाकलं.

तो चिडला नाही. फक्त खुर्चीत बसला.

"शेवटी आमचं फाटलं ते याच्यावरूनच," तो म्हणाला. "मॅनेजरने मला न सांगता टेप लावली होती. माझ्या मित्राला ते माहीत होतं."

मग म्हणाला, "सूर गेला तर मी हात वर करीन. तेव्हा तू टेप लाव. त्याआधी नाही."

सातला शो सुरू झाला. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. ज्यांच्यासाठी त्या मांडल्या होत्या, त्यातले बरेच जण देश सोडून गेले होते. दोन गाणी नीट गेली. तिसऱ्यात समुद्रावरून दमट वारा आला आणि सिंथ अर्धा सूर खाली घसरला.

ग्रॅहमने सगळ्यांसमोर दोन्ही हात वर केले. मी प्लेबॅक वर घेतला. तो खोटं वाजवत उभा राहिला नाही. हेडफोन घातले, बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि पाठमोरा होऊन सूर लावत बसला. गायकाने गाता गाता मध्येच सांगितलं, "माझा मित्र दुरुस्ती करतोय." लोक हसले, टाळ्या वाजल्या. गायक तसाच माईक घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि गाणं संपेपर्यंत तिथून हलला नाही. चौथं गाणं ग्रॅहमने स्वतः वाजवलं.

शो संपल्यावर नायर तणतणत आले. "सबने देखा! हाथ ऊपर!"

"सर, कम्प्लेंट आली का?"

आली नव्हती. क्लायंटने उलट आभाराची मेल पाठवली. नायरांनी ती मला फॉरवर्ड केली, वर एक शब्दही न लिहिता.

पुढच्या मार्चमध्ये कंपनीच बंद झाली. नायर आणि मी एकाच आठवड्यात व्हिसा कॅन्सल करायला गेलो, एकाच रांगेत उभे राहिलो.

सूर गेला की लपवू नये, सांगून टाकावं. कार्यक्रम निभावतो. नोकरीची हमी त्याने मिळत नाही, पण ती गप्प बसूनही मिळत नव्हतीच.