मांडीवर बारा सुया

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. पुण्याहून नगरची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर, मलमलीच्या फडक्याखाली, बारा सुया होत्या. केसासारख्या बारीक, एका लोखंडी कड्यात बसवलेल्या. रेडिओत बसतात ते इवले ट्रान्झिस्टर घडवलेल्या चकतीवर त्या टेकवायच्या आणि वीज सोडायची. एकेकाला तीन सुया, म्हणजे एका दमात चार ट्रान्झिस्टर चांगले की टाकाऊ ते कळतं. आमच्या चिमुकल्या कारखान्याने वर्षभर खपून हे यंत्र केलं होतं. बाकीचं धूड आधीच नगरला पोचलं होतं. आज तिथल्या शेटजींसमोर बाराही सुया नीट टेकल्या तर ऑर्डर, नाहीतर कारखान्याला टाळं. "बाकावर ठेवू नकोस, हादऱ्याने वाकतील," मालकांनी बजावलं होतं.

घोड नदी ओलांडली आणि खड्डे सुरू झाले. सुप्याला गाडी थांबली, तोवर पुण्यात ढोसलेला चहा माझं काही ऐकेना. शेजारी ठसठशीत कुंकू लावलेल्या एक भारदस्त बाई होत्या.

"मावशी, एवढं जरा धरता? बाकावर ठेवलं तर वाकेल."

"काय हाय त्यात?"

"सुया."

"अगं बया! सुई हातात देऊ नगं. भांडान हुतं."

"आपलं कशाला होईल भांडण?"

"हुतं म्हंजी हुतं!"

"होत नाही हो!"

"मला शिकवतो व्हय?"

आवाज चढले. मागच्या बाकांवर दोन तट पडून तिथेही जुंपली. मी तसा तापट, पण त्या घडीला मला वाद जिंकायला वेळ नव्हता. शेवटी मावशींनीच मांडीवर पदर पसरला. "हितं ठिव. हातात न्हाई घेनार." मी सुया ठेवल्या आणि धूम ठोकली.

परत आलो तर गाडी नाही.

सुप्याची भजी फार नामी दिसत होती. ती मी नुसती पाहिली. हातापाया पडून कांद्याच्या ट्रकवर जागा मिळवली. दोन्ही बाजूंना उघडं माळरान, चुकूनमाकून एखादी बाभळ. डोळ्यांत पाणी होतं, ते कांद्याचं की कारखान्याचं हे मला सांगता आलं नसतं.

नगरच्या स्टँडवर तीच गाडी रिकामी उभी होती. आत फक्त मावशी, तशाच पदर पसरून बसलेल्या.

"मुडद्या! मला चासला उतरायचं हुतं. भावाच्या पोराचं बारसं हाय आज. आत्याबिगर नाव कोन ठिवनार?"

"मग उतरला का नाहीत?"

"ह्ये कुनाला देऊ? कंडक्टर बी हातात घेईना. बाकावर वाकल म्हनलास. आन् ह्ये घिऊन उतरले आस्ते तर तू कुटं हुडकला आस्तास मला?"

त्यांच्या पदरातून मी सुया उचलल्या. "चासला पोचवल्याबिगर तुला सोडनार न्हाई," म्हणत मावशी शेटजींकडे निघालेल्या टांग्यात माझ्या शेजारीच बसल्या.

शेटजींसमोर सुया चकतीवर उतरवल्या. प्रत्येक सुई टेकली की तिचा दिवा लागायचा. अकरा लागले. बारावा जरा लुकलुकला आणि लागला. शेटजी ऑर्डर पक्की म्हणाले.

"येवड्यासाठी?" दिव्यांकडे बघत मावशी म्हणाल्या. "चल आता."

चासला घर बायकांनी भरलेलं, बाळ रडून लाल, भाऊ न रडता लाल. "ह्यो बगा, ह्याच्यापायी उशीर!" मावशींनी मला पुढे ढकललं आणि त्या पाळण्यावर वाकल्या. बाळाच्या कानात 'कुर्रर्र' होताच आत्याच्या पाठीत धपाटे घालायला सगळ्या जणी हात उगारून सरसावल्या. दुपारभराचा राग त्या हातांत होता.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "आज माजी पाठ न्हाई. ह्याची."

घुगऱ्या (उकडलेले हरभरे) मी भिंतीला न टेकता खाल्ल्या. फार चविष्ट होत्या. नगरकडचा मुलूख कोरडा असं आम्ही पुण्यात सहज म्हणतो. मी आता म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांना ऑर्डरची बातमी दिली. "शाब्बास रे वाघा!" म्हणत ते माझी पाठ थोपटायला धावले, आणि मी टेबलाखाली शिरलो.