वैनगंगेची खरखर

हसणार नाही म्हणत असाल तर सांगतो. हसणारच तुम्ही, म्हणून आधी चहाचा कप खाली ठेवा!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आंदोलनामुळे नागपुरातली कॉलेजं बंद पडली होती आणि परीक्षा तोंडावर आली होती. मग ठरलं, प्राध्यापकांनी रेडिओवरून शिकवायचं. त्यांना माइकपुढे बोलतं करायचं काम कुणाकडे? माझ्याकडे! मी भूगोलाचा सगळ्यात नवा लेक्चरर, आणि मला तरी माइक कुठे माहीत होता?

बाकीचे कसेबसे बोलले. अडले ते आमचे विभागप्रमुख, देशकर सर. तालमीत माइक दिसला की सरांचं तोंड बंद. "समोर पोरं नाही, तर बोलू कोणाशी गा?" म्हणून ते उठायचे. सर बोलले नाहीत तर पार सावनेरपर्यंतची पोरं नद्यांच्या धड्याविना परीक्षेला बसणार, आणि खापर माझ्या डोक्यावर फुटणार. मी म्हटलं, "सर, मी बसतो ना समोर, विद्यार्थी म्हणून."

तेव्हा भाषण थेट जायचं. बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि आत स्टुडिओत काय तो गारवा! काचेपलीकडे यंत्रं सांभाळणाऱ्या इंजिनियरकडे पाठ करून मी ताठ बसलो. सर अडखळत सुरू झाले. वैनगंगा उगमापासून निघाली, आणि तिच्याबरोबर मीही निघालो. हिरवं पाणी, दोन्ही काठांना झाडं, नाव आपली आपण चाललेली. वल्ह्यांची करकर तेवढी ऐकू येत होती. इतकं सुख मला भूगोलानं पुन्हा कधी दिलं नाही.

जाग आली तेव्हा नदी संपली होती आणि सर प्रसन्न हसत होते. इंजिनियर मात्र घामाघूम. भाषणभर लाइनवर खरखर होती म्हणे! बिचाऱ्यानं यंत्र खोललं. मग मी गप्प बसतो होय? असली जुनाट यंत्रं ठेवता, सरांच्या भाषणाचा सत्यानाश केलात, म्हणून त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो माफी मागत राहिला.

छाती फुगवून धरमपेठेत घरी आलो. रेडिओ ऐकायला शेजारच्या बायका जमल्या होत्या, सगळ्यांचे पदर तोंडाला. मी यंत्राची तक्रार सुरू केली, तर बायको शांतपणे म्हणाली, "यंत्राले काहून बोल लावता? तुमचं घोरणं मले ओळखू नाही येत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन सरांचे पाय धरले. आता सर पुन्हा माइकपुढे बसत नाहीत, हे मी धरूनच चाललो होतो. सर म्हणाले, "अरे, आधी मले वाटे, भिंतीशीच बोलून राहिलो. मंग तू घोरायले लागला, अन् वर्ग भरल्यावानी वाटलं. सोमवारीही ये."

गेलो. पण त्या दिवशी मला काही केल्या झोप येईना आणि सरांना शब्द सुचेना. शेवटी पोरांच्या परीक्षेसाठी मी डोळे मिटले आणि घोरण्याचं सोंग केलं. सर घडाघडा बोलू लागले. काचेपलीकडे इंजिनियर पुन्हा यंत्र खोलायला धावला.

संध्याकाळी घरी आलो. बायकोनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अजी, आजचं नकली वाटून राहिलं होतं."