व्याऱ्याच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध

रागावू नका, पण मी या ग्रुपवर येते ती इथले किस्से वाचून हसायला. कुणाला पिंपळावर बाई दिसते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात... आणि मी मिस्टरांना वाचून दाखवते, म्हणते, हिचं हिमोग्लोबिन बघा आधी. पॅथॉलॉजी लॅबमध्ये आयुष्य गेलं माझं. माणसाच्या आत काय चाललंय ते नळीत घेऊन बघायची सवय. नळीत दिसत नाही ते नाही, असा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण गेल्या उन्हाळ्यापासून घशाशी अडकून बसलंय, आणि ओळखीत बोलावं तर लोक आईकडे वेगळ्या नजरेनं बघतील. तुम्ही तिला ओळखत नाही ते बरं.

आम्ही सुरतेत बमरोलीला राहतो. आईवडील मूळचे साक्रीकडचे. वडील कापडाच्या लूमवर कामाला म्हणून आले आणि इथलेच झाले. आता ते नाहीत. आई सत्तरी ओलांडलेली, माझ्याकडेच असते. घरात ती अहिराणीच बोलते. तुम्हाला कळावं म्हणून मी साध्या मराठीत लिहितेय, पण काही वाक्यं तिच्याच तोंडची ठेवते, ती बदलायला जीव होत नाही.

धाकटा भाऊ नितीन अमेरिकेत, डेन्व्हरला. त्याची मुलगी रिया सहावीत आहे. तिला शाळेत तिकडचा जुना इतिहास होता... म्हणजे पूर्वी लोक बैलगाड्यांवर कापडाचं छत घालून, बिऱ्हाड भरून, महिनोन्महिने चालत पश्चिमेकडे नव्या मुलखात राहायला गेले, तो. पोरगी त्यानं अशी झपाटली की बस! आजी अमेरिकेला आली की सगळ्यांनी गाडीनं त्याच वाटेनं जायचं, असं तिनंच ठरवलं. जुने लाकडी किल्ले, प्रवाशांनी नावं कोरलेला एक भला मोठा खडक, आणि दगडात रुतलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या. दर रविवारी सकाळी आमच्याकडे टीव्हीवर व्हिडिओ कॉल लागायचा. तिकडे शनिवारची रात्र असायची. रिया नकाशा दाखवत सुटायची. आम्ही चहा पीत "हो का", "अरे वा" करायचो.

आईला कवडीचा रस नव्हता. "चाकोऱ्या देखाले इतलं लांब जावानं? आपला गावमा काय कमी शेतस?" नितीन हसायचा. "आई, तिकीट काढतोय मी, नाटकं नको."

असाच एक रविवार. आई जमिनीवर मेथी निवडत बसलेली. रियानं एक फोटो दाखवला. उजाड माळ, त्यात लोखंडी कुंपण घातलेला दगडांचा छोटासा ढीग. "आजी, हे एका लिटल गर्लचं ग्रेव्ह आहे. ती रस्त्यात आजारी पडली. तिचे आईबाबा तिला इथे ठेवून पुढे गेले."

आईचे हात थांबले. "हिची जागा कशी काय राहिली?"

"लोकांनी दगड ठेवले ना, आजी. मग नंतर कुणीतरी बोर्ड लावला."

"मनी पोरनी नही ऱ्हायनी," आई म्हणाली, आणि परत मेथी निवडायला लागली.

माझ्या आधी एक मुलगी झाली होती आणि गेली, एवढं मला आणि नितीनला माहीत होतं. पुढचं आईनं त्या दिवशी सांगितलं. मेथीकडे बघत, एका सुरात. गावाहून सुरतेला यायला निघाले तेव्हा ती अंगावर पिणारी होती. अंगात ताप. ट्रकमध्ये मागे सामानावर बसून आलेले. व्यारा यायच्या अलीकडे तिनं दूध ओढणं सोडलं, आणि थोड्या वेळानं सगळंच सोडलं. तान्ह्या लेकराला आमच्यात पुरतात. वडिलांनी आणि ट्रकमधल्या एका माणसानं रस्त्याकडेला मोहाच्या झाडाखाली खड्डा केला. ड्रायव्हर हॉर्न मारत होता. आईला नीट बसून रडताही आलं नाही. सुरतेत उतरली तरी छाती दुधानं भरून यायची, शेजारच्या बायकांनी फडक्यानं करकचून बांधली होती.

मग रस्ता मोठा झाला. मोहाचं झाड गेलं. गावाला जाता-येता एसटीत आई नेहमी खिडकी का मागायची, ते मला त्या दिवशी कळलं.

"तिची जागा एकदा डोळ्यांनी बघितली की मी येते तुमच्या अमेरिकेला," आई म्हणाली. "तोवर नाही."

आता सांगा, चौपदरी हायवेवर एक झाड, तेही तोडलेलं, शोधायचं कसं? नितीननं मला वेगळा फोन करून म्हटलं, ताई, तू काहीतरी कर, तिला समजव. मी म्हटलं, तू ये आणि समजव, डेन्व्हरला बसून ऑर्डरी सोडू नको. पण डॉक्टरांनी आईला लांबच्या प्रवासात बसवतं का ते आधी बघा म्हटलेलंच होतं. म्हणून मी शक्कल काढली की अमेरिकेच्या ट्रिपची रंगीत तालीम करू. गावाच्याच वाटेनं, सुरत ते नवापूर आणि परत. आईची पाठ कळेल, आणि तो पट्टा बघून तिच्या जिवाला जरा शांतता मिळेल. रियाला तर काय, ऊतच आला. कुठे थांबायचं, आजीनं कुठे पाय मोकळे करायचे, सगळं तिनं तिकडून ठरवून पाठवलं.

सकाळी निघालो. मिस्टर गाडी चालवत होते, मी आणि आई मागे. पलसाणा, बारडोली... रसवंतीवर थांबून आईनं रस प्याला. पाठ दुखते का विचारलं तर म्हणाली, तूच दुखतेस, सारखी विचारते. चांगल्या मूडमध्ये होती. व्यारा जवळ आलं तशी गप्प झाली आणि खिडकीला नाक लावून बसली. व्यारा गेलं. चार झाडं दिसली की मान ताठ करायची, मग परत सैल सोडायची. मला तिच्याकडे बघवेना.

आणि एकदम तिनं दोन्ही हातांनी छाती धरली.

मी समजले, अॅटॅक! "थांबवा, थांबवा गाडी!" मिस्टरांनी बरंच पुढे जाऊन एका ढाब्याच्या तोंडाशी गाडी घेतली. मी पदर बाजूला केला तर ब्लाउज ओला. दोन्हीकडे. मला वाटलं पाण्याची बाटली सांडली. बाटली तर माझ्या पायाशी, झाकण लावलेली. हात लावला... कोमट, चिकट. आणि तो वास. दोन मुलं पाजलीत मी, तो वास मला कुणी शिकवायला नको.

"आई... हे काय?"

आई आधी लाजली. पदर ओढून घेतला, जावई पुढे बसलेत म्हणून. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मांगे ऱ्हायनी ती. गाडी मांगे ले."

मी तिचा रुमाल लावून टिपलं. आता थांबलं होतं. काही नव्हतं. मिस्टरांनी गाडी फिरवली, लांबवर जाऊन दुभाजकातला कट घेतला आणि पुन्हा त्याच बाजूनं आणली. या वेळी मी खिडकीकडे नाही, आईकडेच बघत होते. अगदी सावकाश चाललो होतो. काही नाही, काही नाही... आणि मग माझ्या डोळ्यांदेखत कोरडा झालेला ब्लाउज परत भिजायला लागला. आईनं डोळे मिटले होते. तिला बाहेरचं काही दिसतही नव्हतं, देवाशपथ.

गाडी कडेला घेतली. आई उतरली. कडेला नुसतं गवत आणि प्लास्टिकच्या पिशव्या. ती कडेला थांबलीच नाही. सरळ रस्त्याच्या मधे निघाली, जिथून ट्रक जातात तिथे. मी धावत जाऊन तिला कमरेला मिठी मारली. एक कोळशाचा ट्रक इतक्या जवळून गेला की आम्ही दोघी हेलपाटलो. बाइकवरचा एक माणूस गुजरातीत ओरडला, "अरे माजी, अहीं ऊभा ना रहो, मरी जशो!"

"सोड, मनी पोर तठे शे!" आई ओरडत होती. "तिना वरतून जाई ऱ्हायनात गाड्या... माय वं, वरतून जाई ऱ्हायनात..."

मी सोडलं नाही. मीही रडत होते. मिस्टर पलीकडे उभे राहून हात करून ट्रकना बाजूनं जायला सांगत होते, जसं काही ट्रक त्यांचं ऐकणारच होते. शेवटी आई माझ्या अंगावरच खाली बसली, गवतात. कितीतरी वेळ बसून होतो. नवापूरला गेलोच नाही.

तुम्ही विचाराल म्हणून सांगते. तो रुमाल मी लॅबमध्ये नेला. मायक्रोस्कोपखाली दुधातले स्निग्धांशाचे गोळे स्वच्छ दिसत होते. आईचं रक्त तपासलं, तर दुधाचं हार्मोन तिच्या वयाला असावं तसंच, जरासुद्धा वाढलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा स्कॅन केला, छातीची तपासणी केली. सगळं स्वच्छ. त्या म्हणाल्या, या वयात कधी कधी थोडा स्राव होतो. मी म्हटलं, मॅडम, फक्त व्याऱ्याच्या पुढेच होतो का? त्या हसल्या नाहीत. त्यानंतर आजवर एकदाही झालेलं नाही.

पण आई आतून मिटली. जागा सापडली, आणि सापडली ती अशी. जेवायला बसली की दोन घास खाऊन ताट सारायची. अमेरिकेचं नाव काढू देईना. "मी तिला रस्त्यात टाकून आले, आणि दुनिया तिला तुडवत गेली," एवढंच म्हणायची. मी तिचं ताट झाकून ठेवायची.

पुढच्या रविवारी कॉल लागला. दुधाचं रियाला सांगितलं नव्हतं, जागा रस्त्याच्या मधोमध आहे एवढंच सांगितलं होतं. ती जरा वेळ बोट चावत बसली. मग म्हणाली, "आजी, पण त्या लोकांनी मुद्दाम तसं केलं होतं."

"कसं?"

"म्हणजे... कुंपणवालं ग्रेव्ह एखादंच आहे. बाकीचे लोक ना, बेबीला वाटेतच पुरायचे, म्हणजे रस्त्यातच. आणि मग सगळ्या गाड्या त्यावरून न्यायचे. माती घट्ट व्हायची, मग लांडग्यांना वास नाही यायचा. ते उकरू नाही शकायचे. आई लोकांना माहीत असायचं. त्या पण त्याच्यावरूनच पुढे जायच्या."

मी नितीनकडे बघितलं, नितीन माझ्याकडे. पोरीला गप्प कर म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण आई पुढे सरकून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली.

"परत यायच्या का त्या? बघायला?"

"नाही, आजी. खूप लांब होतं ना. बहुतेक कुणीच परत नाही आलं."

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं, पण चेहरा त्या आठवड्यात पहिल्यांदा सैल झाला होता. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मी जासू त्यासनाकडे. त्यासन्या आया उन्या नहीत ना." ज्यांच्या आया परत आल्या नाहीत, त्या लेकरांकडे.

व्हिसा आलाय. आई येत्या उन्हाळ्यात जातेय. रियानं खडक आणि किल्ले कमी केलेत, आजीला फक्त चाकोऱ्यांपाशी बसायचंय म्हणून.

मी अजूनही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, खोटं कशाला बोलू. पण इतकी वर्षं जे नळीत बघत आले त्यात हे नव्हतं. परवा आईला बूट घालून बघायला लावत होते, तेव्हा न राहवून विचारलं, आई, त्या दिवशी ते काय झालं असेल गं? तिनं माझ्याकडे असं बघितलं, की एवढं शिकून याला विचारायचं काय असतं.

"तिले भूक लागनी व्हई," म्हणाली, आणि दुसरा बूट मागितला.