पोस्टमनच्या पँटचा तुकडा

मी हाडांचा डॉक्टर, आणि तोंडाचा फटकळ. ऑपरेशन थिएटरमध्ये माझ्यापुढे ब्र काढायची कुणाची टाप नाही. अपवाद एकच, आमच्या थिएटरच्या सिस्टर. पाठीमागे सगळे त्यांना हेडमास्तरीण म्हणतात. मीसुद्धा.

बाई शिंपिणीची लेक. लहानपण आईच्या मशीनपाशी बेतलेले तुकडे जुळवण्यात गेलं. त्यामुळेच की काय, एक खोड लागलीय. मोडलेलं हाड कातडी फाडून बाहेर आलेला पेशंट असला, की त्याचे कापून काढलेले कपडे त्या फेकू देत नाहीत. बाहेरच्या टेबलावर पसरतात आणि तुकड्याला तुकडा लावून बघतात. मी कितीदा म्हटलं, "सिस्टर, शिलाईचं दुकान टाकताय का?" ढिम्म लक्ष देत नाहीत.

त्या दिवशी एक पोस्टमन आला, टेम्पोने उडवलेला. मांडीचं हाड बाहेर. अशा वेळी हाड मोडल्यापेक्षा आत गेलेल्या घाणीची धास्ती जास्त. काही राहिलं, पू झाला, की पाय कापायची वेळ येते. आणि याचं तर पोटच पायांवर! मी मेलेलं मांस काढलं, सलाईनच्या पिशव्यांवर पिशव्या ओतून जखम धुतली. आता हाडाच्या पोकळीत सळई घालायची म्हणून हात पुढे केला, तोच दारातून आवाज आला.

"थांबा डॉक्टर. पँटचा तुकडा कमी आहे. दोन बोटांएवढा."

"रस्त्यावर पडला असेल!" मी खेकसलो.

"पडला असेल तर मला वाट्टेल ते बोला. आत असेल तर त्याचा पाय जाईल."

डोकं सणकलं माझं. पण हात काही पुढे जाईना. चरफडत पुन्हा शोधायला लागलो. हाडाच्या वरच्या तुकड्यात, पोकळीच्या तोंडाशी चिमट्याला काहीतरी लागलं. ओढलं तर खाकी चिंधी! सळई ठोकली असती तर मीच ती खोल कोंबली असती.

सिस्टरनी चिंधी नेऊन पँटच्या भोकाला लावून पाहिली. "बसली. आता घाला सळई," म्हणाल्या.

काही महिन्यांनी पोस्टमन काठीशिवाय आला. मी थिएटरमधून सिस्टरना ओपीडीत बोलावून घेतलं. सोबत आलेली त्याची बायको म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही पाय वाचवलात."

"साफ चूक!" भरल्या ओपीडीत मी ओरडलो. "मी नुसता जोडला. वाचवला या बाईंनी. मी तर घालवायलाच निघालो होतो!"

सिस्टर पोस्टमनला म्हणाल्या, "चालून दाखवा." तो भिंतीपर्यंत गेला आणि परत आला.

"अजून एकदा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. तो पुन्हा चालला. त्यांचं काही मन भरेना, आणि माझंही.