नापासकाकांचा सोबर रंग

वाहन परवान्याच्या परीक्षा घेण्यात काकांची हयात गेली. इतक्यांना त्यांनी हात हलवत परत पाठवलं होतं, की वस्तीत त्यांचं नावच नापासकाका पडलं. निवृत्तीनंतर हाताशी कोणी परीक्षार्थी उरला नाही, तेव्हा त्यांनी मोर्चा घराकडे वळवला. पडदे नापास, उशांचे अभ्रे नापास. शेजाऱ्यांच्या पोपटी भिंतीला तर दारातूनच नापास केलं.

मग दिवाणखाना रंगवायचा ठरला. काकूंना गुलाबी हवा होता. लग्न झाल्यापासून हवा होता.

"गुलाबी? घर आहे की भातुकली?" काका कडाडले. "सोबर रंग हवा. राखाडी!"

दुकानात त्यांनी रंगांच्या कार्डावर ठामपणे बोट ठेवलं. "हा बघा राखाडी."

बोटाखाली होता 'डस्की रोझ', म्हणजे धुरकट, मुरलेला गुलाबी. दुकानदाराने काकूंकडे पाहिलं. काकू छताच्या पंख्याकडे पाहत होत्या.

"ह्यांची पसंती म्हणजे पसंती," त्या म्हणाल्या. नवऱ्याचं म्हणणं त्यांना इतकं मनापासून कधीच पटलं नव्हतं.

पहिला हात मारल्यावर रंगारी चाचरला. "साहेब, असाच हवा ना?"

"अगदी असाच. डोळ्यांना शांत."

पाहुणे आले आणि भारावले. पण शिकलेली माणसं गुलाबीला गुलाबी थोडीच म्हणतात! कोणी 'मातीचा स्पर्श' म्हणालं, कोणी 'सांजवेळ'. शेजारच्या प्राध्यापिका म्हणाल्या, "पुरुषाने हा रंग निवडायचा म्हणजे किती मोकळं मन!" राखाडीला मोकळं मन कशाला लागतं ते काकांना कळेना, पण स्तुती कोण परत करतं? हळूहळू लोक रंगाचा सल्ला विचारू लागले आणि काका घरोघरी भिंती तपासत हिंडू लागले.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर काकूंची धाकटी बहीण आली. तिच्या जिभेला हाड नाही.

"भावजी, म्हातारपणी गुलाबी? ताई जन्मभर मागत होती तेव्हा कुठे होती ही हौस?"

"गुलाबी कुठाय?"

"चारही बाजूंना!"

काकांनी भिंतीकडे पाहिलं, मग बायकोकडे. "अगं, राखाडी आहे ना हा?"

काकूंनी कप खाली ठेवला. "तुमच्यापुरता आहे की."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोष जन्मापासूनचा आहे. लाल, हिरवा, गुलाबी यांत गल्लत होणारच. मग त्यांनी काळजीने विचारलं, "नोकरीत सिग्नल कसा ओळखायचात?"

"वरचा दिवा म्हणजे थांबा."

"आणि नोकरीला लागताना तपासणी?"

"फक्त अक्षरं वाचून घेतली. मी पहिला आलो होतो."

घरी येताना काका जिन्यात थांबून म्हणाले, "लग्नात तू ती तपकिरी साडी नेसली होतीस..."

"हिरवी होती," काकू म्हणाल्या. "गर्द हिरवी."

"छान दिसत होतीस पण."

"तेवढं दिसलं ना? बास झालं."

दिवाणखाना आहे तसाच राहिला. सल्लेही थांबले नाहीत. फक्त आता काका काकूंना बरोबर नेतात. त्या कानात कुजबुजतात आणि काका निकाल जाहीर करतात. लोक म्हणतात, काकांची नजर अलीकडे फारच तयार झाली आहे.