लंबटच्या बंगल्यातली सून

लग्न होऊन देवस्थळींच्या घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मृणालिनीने नवऱ्याला विचारलं, "हे घर पाडणार कधी?"

देवव्रत नुसता हसला. भांडुप पश्चिमेला, टेकडीच्या उतारावरचं ते घर त्याच्या आजोबांनी विकत घेतलेलं. बांधलं होतं लॅम्बर्ट नावाच्या रेल्वेच्या इंजिनिअरने, व्हिक्टोरिया राणीच्या काळात. वस्तीच्या तोंडी त्याचा झाला लंबटचा बंगला. छपराच्या कडेने लाकडाची नक्षीदार झालर, दारांना लाल-निळ्या काचा, मागे बाहेरून वर जाणारा लोखंडी चक्री जिना आणि दिवाणखान्यात चक्क फायरप्लेस. भांडुपच्या उकाड्यात शेकोटी कशाला लागत होती ते त्या लॅम्बर्टलाच ठाऊक. देवस्थळी तिथे गॅसचं जादा सिलिंडर ठेवायचे.

मृणालिनी दादरच्या दोन खोल्यांत वाढलेली, बँकेत नोकरी करणारी. त्या घराने तिला पार पिदडलं. जळमटं काढायची तर झाडू बांबूला बांधावा लागे. भिंतींत वरच्या अंगाला लाकडी झरोके होते, ते कधी बंदच होत नसत. त्यातून धूळ यायची, चिमण्या यायच्या. देवव्रत मात्र सुट्टीच्या दिवशी दारांना पॉलिश करत बसायचा.

"बघ, शंभर वर्षांत या सागाला एक भेग नाही."

"सागाला नसेल. माझ्या कमरेला आहे."

अशी सगळी वर्षं गेली. मुलगी जान्हवी शिकून बंगळूरला गेली. मग एका हिवाळ्यात देवव्रत हार्ट अटॅकने गेला, आणि त्या एवढ्या मोठ्या घरात मृणालिनी एकटी उरली. तिने वर्षभर कळ काढली. मग एका बिल्डरशी बोलणी केली. बंगला पाडायचा, तिथे टॉवर, त्यात तिला फ्लॅट. सही मार्चअखेरीस व्हायची होती. साल दोन हजार वीस. लॉकडाऊन लागला आणि सही राहिली.

मे महिन्यात फाटकाशी नितेश परब येऊन उभा राहिला. खालच्या चाळीतला, रिक्षा चालवणारा. तोंडाला रुमाल बांधलेला.

"काकू, एक विचारू का? नाही म्हणालात तरी चालेल."

त्याच्या वडिलांना, काशीरामला, कोरोना झाला होता. ताप बेताचा, म्हणून डॉक्टर म्हणाले घरीच वेगळं ठेवा. पण एका खोलीत माणसं सहा, वेगळं ठेवणार कुठे? आजूबाजूला कुठेच सोय लागली नव्हती.

मृणालिनी घाबरली. साठी उलटलेली, त्यात बीपी. ती वळून आत गेली. नितेशला वाटलं, संपलं. पण ती किल्ल्या घेऊन बाहेर आली.

"खालचा मजला घे. मी वर राहते. माझं जाणं-येणं मागच्या जिन्याने. खालच्या बाथरूमला बाहेरून दार आहे, ते वापरा."

जान्हवी फोनवर कडाडली, "आई, तुझं वय काय, तू करतेस काय?"

"काय करतेय? खाली तो आहे, वर मी आहे. मध्ये सागाची तक्तपोशी आहे."

काशीराम मूळचा कुडाळचा, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करून म्हातारा झालेला. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला तशी त्याने खालून हाक दिली, "वैनीनू, हय वारो बरो खेळता. आमच्या खोलीत पंखो लावलो तरी असो वारो येवचो नाय."

मृणालिनी वर कठड्याला धरून उभी होती. तिने वर झरोक्यांकडे पाहिलं. ते कशासाठी ठेवलेत, हे इतक्या वर्षांत तिने कुणाला विचारलंच नव्हतं.

काशीराम बरा होऊन गेला, आणि चाळीतली दुसरी आजारी माणसं आली. दिवाणखान्यात अंतर ठेवून खाटा लागल्या. चाळीतल्या बायका डबे फाटकाशी ठेवून जायच्या. सगळेच बरे झाले असं नाही. विमला नावाची शिवणकाम करणारी बाई दोन दिवस रंगीत काचांचं ऊन चादरीवर कसं सरकतं ते बघत पडून होती. तिसऱ्या दिवशी दम लागला, रुग्णवाहिका आली, आणि ती हॉस्पिटलमधून परतली नाही. तिची खाट कुणी हलवेना. शेवटी मृणालिनीनेच, काशीरामला मदतीला घेऊन, ती उचलून ठेवली.

पुढच्या वर्षी बिल्डरचा फोन आला तेव्हा तिने नाही म्हणून सांगितलं. जान्हवीला काही कळेना.

"आई, जन्मभर तूच पाडा पाडा करत होतीस ना?"

"करत होते. तेव्हा घर नुसतं पुसायलाच होतं गं. वापरात कुठे होतं?"

मग धावपळ सुरू झाली. बंगला दुरुस्त करून वस्तीच्या वापराला द्यायचा, म्हणून एक संस्था उभी राहिली. प्रांजल नावाची जुन्या इमारतींचं काम करणारी आर्किटेक्ट आली. तिला सगळं लॅम्बर्टच्या वेळेसारखं हवं होतं. मृणालिनीने दोन गोष्टी अडवून धरल्या, चांगले संडास आणि झरोक्यांना जाळी. खूप वाद झाले. संडास झाले, जाळीही लागली, फक्त आतल्या बाजूने, बाहेरून न दिसणारी.

आता खाली चाळीतल्या मुलांसाठी अभ्यासिका आहे, आणि रविवारी बंगला सगळ्यांना बघायला खुला असतो. मृणालिनी मात्र तिथे राहत नाही. दोन गल्ल्या सोडून, लिफ्ट असलेल्या इमारतीत तिने भाड्याने फ्लॅट घेतलाय. बघायला आलेल्या एका बाईंनी तिला हळवेपणाने विचारलं, "सोडताना जड गेलं असेल ना?"

"नाही हो," मृणालिनी म्हणाली. "घर चांगलं आहे, पण माझे गुडघे नाहीत."

रविवारी सकाळी ती येते तेव्हा काशीराम व्हरांड्यात पेपर वाचत बसलेला असतो. ती शेजारी बसते, अर्धा पेपर मागून घेते. आतून मुलांचा आवाज वाढला की दोघांपैकी जो आधी उठेल तो जाऊन दटावून येतो.