दोघांचा सत्कार

आमच्या कॉलेजात कुणाला काढून टाकत नाहीत, त्याचा सत्कार करतात. मी तिथे विद्यार्थी होतो तेव्हाही हेच होतं आणि पुढे फुटबॉल टीमचा दुसरा कोच म्हणून परत आलो तेव्हाही तेच. ग्रंथपाल नकोसे झाले, सत्कार. कॅन्टीनवाल्याच्या वड्यांबद्दल तक्रारी वाढल्या, सत्कार. 'उद्यापासून येऊ नका' असं तोंडावर म्हणायची कुणाची छाती होत नाही, आणि शाल खांद्यावर पडली की शहाण्या माणसाने काय ते समजायचं. लालबाग-परळच्या माणसाला खरं तर तोंडावर बोलायची उत्तम सवय असते. कॉलेजच्या गेटातून आत शिरताना ती कुठे गळून पडते, देव जाणे.

त्या वर्षी आम्ही हरत होतो. नुसते हरत नव्हतो, धुऊन निघत होतो. आम्ही म्हणजे सर आणि मी. सर मुख्य कोच. मी कॉलेजात शिकत असताना त्यांनीच मला खेळायला शिकवलं, माझं सेंटर हाफचं डोकं त्यांनीच घडवलं, आणि पुढे मला नोकरी लागल्यावर 'सकाळी काय झोपा काढतोस, ये मदतीला' असं म्हणून टीमला जोडून घेतलं तेही त्यांनीच. ते मूळचे मालवणकडचे, राहायला काळाचौकीत, सत्तरीला टेकलेले. मी दिवसभर लोअर परळच्या एका चकचकीत ऑफिसात बसायचो, पण माझा दिवस खरा सुरू व्हायचा तो सकाळी मैदानावर, चिखलात.

आमची कारणं तयार असायची. चांगली खेळणारी पोरं वांद्र्याकडच्या कॉलेजांत जातात. आमच्या वाट्याला येतात ती लालबाग-शिवडीची पोरं, त्यातली अर्धी कबड्डी सोडून आलेली, केस मात्र परदेशी खेळाडूंसारखे कापलेले. मैदान आमच्या मालकीचं नाही, एका टोकाला क्रिकेटवाले, दुसऱ्या टोकाला गोविंदा पथकाचे थर. ही कारणं खोटी नव्हती. मी ती इतक्या वेळा सांगितली होती की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच माझं सुरू व्हायचं.

माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र रोज एकच दळण, कोच बदला. मला या लोकांचा भयंकर राग यायचा. टीव्हीवर युरोपातले क्लब बघायचे आणि हरलं की कोच हाकलायचा, एवढंच त्यातून शिकायचं. त्यातल्या एकाने एकदा जिमखान्याच्या बैठकीत मला विचारलं, "हीच पोरं संध्याकाळी भाड्याच्या टर्फवर खेळतात तेव्हा काय भारी खेळतात! मी स्वतः बघितलंय. तुमच्यासमोर आली की त्यांना होतं काय?"

मी म्हटलं, "टर्फवर चिखल नसतो."

सगळे हसले, मीही हसलो, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण टर्फवरचा त्यांचा खेळ मीही एकदा जाळीबाहेरून बघितला होता. पोरं खरंच भारी खेळत होती.

मग एके दिवशी प्राचार्य मॅडमनी मला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. "सर आता थकलेत," त्या म्हणाल्या. "त्यांना मोकळं करावं असं सगळ्यांचं मत आहे. तुम्हाला ठेवायला कुणाची हरकत नाही. तुम्ही एकट्याने सांभाळाल का टीम?"

माझ्या अंगात सगळं गिरणगाव संचारलं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "मॅडम, ठेवायचं तर दोघांना ठेवा, काढायचं तर दोघांना काढा. सरांच्या पाठीमागे मी त्यांची खुर्ची घेणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "विचार करून सांगा."

"केला विचार," मी म्हटलं आणि उठलो.

जिना उतरताना मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. सरांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं, आणि मी काही मोठं केलंय हे स्वतःच्या तोंडाने सांगणं मला शोभलंही नसतं. आपण अडून बसलो म्हणजे कॉलेज नमेल, दोघांना ठेवेल, असं मी धरून चाललो होतो.

क्रीडा विभागाचा बक्षीस समारंभ शनिवारी होता. बक्षिसं कॅरमवाल्यांना आणि मल्लखांबवाल्यांना. आमची पोरं शेवटच्या रांगेत बसून चिवडा खात होती. कार्यक्रम संपत आला तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने सांगितलं की आता फुटबॉलच्या मार्गदर्शकांचा सत्कार होईल. ताट आलं. त्यात दोन शाली होत्या आणि दोन नारळ.

दुसरी शाल माझ्यासाठी होती. मॅडमनी माझं ऐकलं होतं. अगदी शब्दशः ऐकलं होतं.

सर मात्र खुशीत होते. शाल नीट सारखी करून ते माइकपाशी गेले आणि बोलू लागले. ते एरवी भाषण करत नाहीत, शिट्टीवर भागवतात. त्या दिवशी म्हणाले, "या वर्षी हरलो, काय लपवायचं? पण ही पोरं वाईट नाहीत. पुढच्या वर्षी ही टीम वर येणार म्हणजे येणार. सोमवारी सकाळी नेहमीच्या वेळेला सगळ्यांनी ग्राउंडवर हजर राहायचं. जो येणार नाही त्याची गाठ आमच्याशी आहे." आणि माझ्याकडे बघून हसले.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम टेबलावरच्या फुलदाणीकडे बघत राहिल्या. एका विश्वस्तांना अचानक मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं. सरांना काहीच कळलेलं नाही, असं मला वाटलं. म्हणजे सांगायचं काम आता माझ्यावर आलं होतं. ज्यांचं काम होतं त्यांनी शाल देऊन हात झटकले होते.

आम्ही चिंचपोकळीच्या दिशेने चालू लागलो. सरांना पुलापर्यंत सोडायची माझी नेहमीची सवय. वाटेत ते पुढच्या हंगामाबद्दल बोलत होते, कोणत्या पोराला बॅकला घ्यायचं, गोलीचा हात कसा सुधारायचा. मला ते ऐकवेना. पुलाच्या कठड्यापाशी मी त्यांना थांबवलं.

"सर, हा सत्कार होता ना, तो तसा नव्हता."

"मग कसा होता?"

"त्यांनी तुम्हाला काढलंय, सर."

सर माझ्याकडे बघून चक्क हसले. "मला कळत नाही होय रे? मीच गेलो होतो मॅडमकडे. म्हटलं, आता मला मोकळं करा, माझा पोरगा तयार झालाय, टीम त्याच्या हातात द्या. त्या म्हणाल्या, बघते. आज शाल आली, म्हटलं चला, काम झालं."

"आणि माझी शाल?"

"तुझं कौतुक केलं असेल. नवीन कोच ना तू."

मी मान खाली घातली आणि केबिनमध्ये काय बोललो ते सगळं सांगितलं. दोघांना ठेवा नाहीतर दोघांना काढा, शब्दन् शब्द. सर ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला, कारण त्यांना ते खरं वाटत नव्हतं.

"मेल्या," ते म्हणाले, "तुका कोणी सांगलेला माझी वकिली करूक?"

सर चिडले की मालवणीवर येतात, पण इतके चिडलेले मी त्यांना हरल्यावरही बघितले नव्हते.

"तुमच्यासाठी बोललो, सर."

"माझ्यासाठी? मी तर चाललोच होतो. पोरांसाठी कोण बोललं?"

मला राग आला होता. त्यांनीही मला न विचारता परस्पर जाऊन माझं ठरवून टाकलं होतं. आम्ही दोघं एकमेकांना जपायला गेलो आणि टीम दोघांच्याही हातून गेली. आजही सर म्हणतात माझं चुकलं. मी म्हणतो, पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच बोलेन. यावर आमचं कधी जमलेलं नाही.

सोमवारी मला मॅडमकडे जावं लागलं, सरांनी पाठवलंच. मी आपलाच शब्द गिळून म्हटलं की एकट्याने सांभाळायला तयार आहे. त्या फार सौजन्याने बोलल्या. एका फुटबॉल अकादमीशी बोलणी झाली होती, नवे कोच ठरले होते. त्याच सकाळी मैदानावर पोरं जमली होती, सरांनी फर्मान काढलं होतं ना. आम्ही जाणार हे त्यांना कॉलेजने सांगितलेलंच नव्हतं. मीच सांगितलं. त्यांच्यातला आमचा सेंटर बॅक, अंगाने आडवा आणि मनाने अगदी हळवा पोरगा, विचारू लागला, "सर, आम्ही हरलो म्हणून का?" मी म्हटलं, "नाही रे, तसं काही नाही." दुसरं काय म्हणणार?

पुढच्या हंगामात सरांचा फोन आला. "दुपारी मॅच आहे पोरांची. येतोस?"

मला जायचं नव्हतं. खरं सांगायचं तर ती पोरं हरावीत अशी माझ्या मनात इच्छा होती, आणि ती इच्छा घेऊन सरांच्या शेजारी उभं राहायची मला लाज वाटत होती. तरी गेलो. हाफ डे टाकला. आम्ही मैदानाच्या लोखंडी कुंपणाबाहेर, चहाच्या टपरीच्या आडोशाला उभे राहिलो.

पोरं तीच होती. केसही तेच. पण खेळ वेगळा होता, आणि काय वेगळं आहे ते मला बराच वेळ पकडता येईना. वेग तेवढाच, पास तसेच, चुकाही बऱ्याच. नवा कोच तरुण होता, हात मागे बांधून रेषेबाहेर उभा होता आणि जवळजवळ गप्प होता. मला वाटलं, हा काय कोच, हा तर बसची वाट बघतोय.

"बघितलंस?" सर म्हणाले. "एकही पोरगा बाहेर बघत नाही."

तेव्हा मला दिसलं. आमच्या वेळी पोरगा चेंडू मारायचा आणि लगेच रेषेकडे बघायचा, आमच्याकडे. बरोबर मारला असला तरी आणि चुकला असला तरी. आमचं तोंड बघून झालं की मग चेंडू शोधायचा, तोवर चेंडू दुसऱ्याच्या पायात. मला ते बघणं आवडायचं. मला वाटायचं, पोरांचं आपल्याकडे लक्ष आहे, पोरं मान देतात. सर शिट्टी वाजवत आणि मी घसा फोडून ओरडत, अशी आम्ही वर्षानुवर्षं त्यांची मान वळवून ठेवली होती. मला एकदम फार वाईट वाटलं. काढलं याचं नव्हे. काढणाऱ्यांचं बरोबर होतं याचं.

"आपणच नडत होतो रे," सर म्हणाले. ते खुशीत बोलल्यासारखे बोलले, पण कुंपणाच्या गजावरची त्यांची मूठ घट्ट होती.

हाफटाइमनंतर चेंडू आमच्या बाजूने बाहेर आला. थ्रो घ्यायला सेंटर बॅक धावत आला आणि आम्ही त्याला दिसलो. त्याचा चेहरा केवढा उजळला! त्याने घाईघाईत सरांना नमस्कार केला, थ्रो टाकला आणि जागेवर परत गेला. पुढचा चेंडू त्याने छान अडवला, लांब मारला, आणि आमच्याकडे बघितलं.

मी हात वर केला. सरांनी तो खाली ओढला.

पुढच्या वेळी त्याने अर्धवट मारला आणि पुन्हा बघितलं. तेवढ्यात समोरचा फॉरवर्ड त्याच्या बगलेतून निसटला. गोलीने कसाबसा चेंडू बाहेर ढकलला म्हणून वाचले. नव्या कोचने पहिल्यांदाच मान वळवून पोरगा कुठे बघतोय ते शोधलं.

"चल," सर म्हणाले.

"सर, अजून बरीच मॅच बाकी आहे."

"म्हणूनच चल म्हणतोय."

आम्ही निघालो. टपरी ओलांडली, रस्त्याला लागलो. माझे डोळे भरून आले होते आणि ते मी लपवलं नाही. सर दंडाला धरून मला भराभर चालवत होते, या वयात एवढं भरभर त्यांना झेपत नाही. मागे मैदानावर मोठा ओरडा झाला. गोल झाला होता, कुणावर झाला ते कळेना. मी वळणार, तोच त्यांनी दंडावरची पकड आवळली.

"वळू नकोस," ते म्हणाले. "तो बघत असेल."